‘मोफत फोन’चे पान पडताळावे कसे?

मोफत फोन, लॅपटॉप किंवा हेडफोन देऊ करणारे पान समोर आले, की ते खरे की खोटे यावर डोके शिणवण्याआधी ते आपल्याकडून काय काय मागते हे शोधावे. मोबाइल क्रमांक, जन्मतारीख, कार्डाचा तपशील, ओळखीच्या दहा जणांना पाठवायचा मेसेज, यांपैकी जे मागितले जाते तीच त्या वस्तूची किंमत असते आणि वस्तू हाती येण्याआधीच ती चुकती होते.

पडताळणीची सुरुवात पत्त्यापासून करावी. ‘एचटीटीपीएस’पुढील दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ गाठावी आणि तेथून मागे यावे, ‘डॉट कॉम’सारख्या शेपटाच्या अगदी अलीकडे जो शब्द असतो, त्यावरून संकेतस्थळ कोणाचे आहे ते ठरते. म्हणजे ‘कंपनीचेनाव.बक्षीसकेंद्र.कॉम’ हा पत्ता बक्षीसकेंद्र नावाच्या कोणाचा तरी आहे, त्या कंपनीचा नव्हे. काही ब्राउझरांत पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नये, कारण पाठवलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही एवढेच ते सांगते. ती ज्याच्या हाती पोहोचते तो प्रामाणिक आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

पानावर नशिबाचे चक्र असेल, तर त्याची परीक्षा सोपी आहे. अशा अनेक पानांवर पहिल्या फेरीत काहीच लागत नाही आणि ‘आणखी एक संधी’ म्हटल्यावर दुसऱ्या फेरीत फोन लागतो. काहीही न भरता तेच पान ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) विंडोमध्ये पुन्हा उघडावे. तेथेही दुसऱ्याच फेरीत फोन लागला आणि ‘फक्त चार मिनिटे शिल्लक’ सांगणारे घड्याळ पुन्हा चार मिनिटांपासून सुरू झाले, तर निकाल आधीच लिहून ठेवलेला आहे असे समजावे. खाली दिसणारे आनंदी अभिप्रायही बहुधा पानाचाच भाग असतात. त्यांतील नावांवर क्लिक केले तर ती कोठेच उघडत नाहीत.

‘फक्त पाठवणीचा खर्च द्या’ ही अट मला सर्वांत घातक वाटते, कारण रक्कम किरकोळ असल्याने माणूस निःशंकपणे कार्डाचा क्रमांक देतो. पैसे भरण्याच्या बटणाखालील फिकट, बारीक अक्षरे मोठी करून वाचावीत आणि आधीच बरोबरची खूण केलेला एखादा चौकोन आहे का ते पाहावे. काही दिवसांच्या चाचणीनंतर दरमहा वर्गणी कापली जाईल, असे वाक्य तेथे दडलेले असू शकते.

प्रत्येक वेळी सगळेच खोटे असते असे नाही. काही ठिकाणी वस्तू देऊ केलेली असते, पण तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी एकामागून एक इतर कंपन्यांच्या योजना घ्याव्या लागतात, कारण त्या कंपन्या जाहिरातदाराला दर ग्राहकामागे दलाली देतात. अमेरिकेत व्हॅल्यूक्लिक या ऑनलाइन जाहिरात कंपनीवर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने नेमका हाच आरोप केला होता. ‘मोफत’ लॅपटॉप आणि आयपॉडसाठी ग्राहकांना वाहनकर्ज, उपग्रह वाहिन्यांची वर्गणी अशा खर्चिक योजनांमधून जावे लागत होते. २००८ मध्ये कंपनीने २९ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. म्हणून नाव नोंदवण्याआधी अटींच्या पानावर एकूण किती योजना घ्याव्या लागतील आणि त्यांचा खर्च किती, हे मोजावे. तो आकडा स्पष्ट दिलेला नसेल, तर पुढे जाऊ नये.

अखेरची खात्री करण्यासाठी मेसेजमधील लिंक वापरू नये. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून तेथे ती योजना जाहीर झालेली आहे का ते पाहावे.

माहिती आधीच भरली गेली असेल, तर वेळ न दवडता बँकेला कळवून कार्ड बंद करून घ्यावे, पुढील काही महिने खात्याचे विवरण ओळीनुसार तपासावे, आणि त्या पानावर पासवर्ड दिला असेल व तोच अन्यत्र वापरला असेल, तर तो सगळीकडे बदलावा. ओटीपी सांगितला गेला असेल, तर बँकेला तेही स्पष्ट सांगावे. फसल्याची लाज वाटणे स्वाभाविक आहे, पण ज्यांना आपण ती लिंक पाठवली त्यांनी ती आपल्यावरील विश्वासानेच उघडलेली असते. त्यांना त्याच दिवशी लिहावे : ‘मी पाठवलेली मोफत फोनची लिंक फसवी निघाली. त्यात काही भरले असेल तर आधी बँकेला फोन करा.’