बायोमास इंधन: शब्दाचा अर्थ आणि मालाची पारख

ग्रीक 'बायोस' म्हणजे जीवन. 'मास' लॅटिन 'मासा'वरून आला. त्याचा जुना अर्थ मळलेल्या पिठाचा गोळा. मराठीत आपण जैवभार म्हणतो: लाकूड, तूस, चिपाड, शेण. कोळसाही मुळात वनस्पतीच, पण कोट्यवधी वर्षं गाडलेला, म्हणून तो यात धरत नाहीत.

नवी मुंबईतल्या महापे-रबाळ्याच्या कारखान्यांतल्या बॉयलरवर हे इंधन बहुधा ब्रिकेटच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या ठोकळ्यांच्या, रूपात येतं, धंद्यातलं नाव 'पांढरा कोळसा'. गाडी रिकामी करण्याआधी ओलावा मोजाच. नमुना वरच्या थरातला नको, मधला घ्या. 100 ग्रॅम चुरा ओव्हनमध्ये 105 अंश सेल्सिअसला, वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. 90 ग्रॅम उरला तर ओलावा 10 टक्के, इथवर चालेल. त्यापुढे तुम्ही इंधनाच्या भावात पाणी घेताय, आणि ते उडवायला पुन्हा उष्णता जाळताय.

मग राख. लाकडी भुशाची एक-दोन टक्के, भाताच्या तुसाची 15 ते 20. पेंढ्यात पोटॅशियम जास्त, त्यामुळे राख लवकर वितळून भट्टीच्या जाळीवर दगडासारखी चिकटते. हा क्लिंकर हवेची वाट अडवतो. असा माल असेल तर जाळी वरचेवर खरवडा.

पावसाळ्यात सगळ्यात जपायचं. ब्रिकेटमध्ये सहसा डिंक नसतो. दाबाखाली मऊ झालेलं लाकडातलं लिग्निनच तिला धरून ठेवतं. पाणी लागलं की ती फुगते आणि हातात भुसा येतो. थप्पी लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर दूर लावा.