कॉलेजच्या पेपरमध्ये नव्याने काम सुरू करताय? मग हे वाचा

कुठल्याही मराठी पेपरच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बघा. एकदम बारीक टाइपात मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक अशी नावं असतात आणि संपादकाच्या नावाला चांदणी लावून 'पीआरबी कायद्यानुसार संपादकीय जबाबदारी' असं काहीतरी छापलेलं असतं. पीआरबी म्हणजे 'प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स', तो कायदा १८६७ चा, त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. जर्नलिझमला आल्यावर विभागाच्या प्रायोगिक अंकात उपसंपादक म्हणून बसले तेव्हा ही ओळ मी पहिल्यांदा नीट वाचली, तिथे आमच्या सरांचं नाव होतं. म्हणजे लिहिणार आम्ही, बातमीवरचं नाव (बायलाइन) आमचं, आणि उद्या कोणाची नोटीस आली तर ती सरांच्या टेबलावर. आपला तर साधा कॉलेजचा पेपर, कोण वाचतंय, हा विचार डोक्यातून काढायचा असेल तर ती ओळ वाचाच.

आणि वाचतात हो लोक. मोठ्या पेपरच्या बातमीदाराला ज्याच्यावर लिहिलं तो माणूस परत भेटेलच असं नाही, पण आपल्याला तो दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या रांगेत भेटतो.

आमच्याकडे एकदा अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरायला लागला, मेसच्या जेवणातून विषबाधा, होस्टेलची पन्नास मुलं आजारी. मथळा तयारच होता सगळ्यांच्या डोक्यात. सर एवढंच म्हणाले, पन्नास हा आकडा कोणी मोजला? मग दोघी जणी दवाखान्यात गेल्या, तिथल्या रजिस्टरवरून सिस्टरांनी आकडा सांगितला तो पन्नासच्या जवळपासही नव्हता, पण त्यात एक गोष्ट निघाली की त्यातली काही मुलं त्या दिवशी मेसमध्ये जेवलीच नव्हती, घरून आलेला डबा खाल्ला होता. समान होतं ते फक्त पाणी. मी मेसवाल्या काकांकडे गेले, ते आधी बोलायलाच तयार नव्हते, मग म्हणाले टाकी धुवायला मी दोनदा अर्ज दिलाय, आणि अर्जाची पोचच काढून दाखवली, त्यावर ऑफिसचा शिक्का होता. वॉर्डनला फोन केला, त्यांचं म्हणणं घेतलं, ते जसंच्या तसं छापलं. बातमी झाली ती टाकीची. रात्री नऊपर्यंत पान अडलं, प्रेसवाला चिडला, पण मेसेजच्या भरवशावर छापलं असतं तर काकांचं कंत्राट गेलं असतं आणि टाकी तशीच राहिली असती.

म्हणून ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करा, उचलला नाही तर परत करा, भेटायला जा, आणि तो काहीच बोलला नाही तर किती वाजता प्रयत्न केला ते वहीत लिहून ठेवा. विद्यार्थी आहात म्हणून मानहानीचा कायदा तुम्हाला सोडत नाही. फौजदारी मानहानीत तर नुसतं 'खरं होतं' म्हणून भागत नाही, ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचं नाव नाही म्हणजे नाही, आणि लहान मूल असेल तर पॉक्सोप्रमाणे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) शाळा, पत्ता, घरच्यांची माहिती, फोटो, काहीच नाही. नाव न देता 'अमुक गल्लीतल्या किराणा दुकानदाराची मुलगी' लिहिलं तर अख्ख्या गावाला कळतं, आणि कॅम्पसवर तर 'सेकंड इयरची, नाटकात काम करणारी' एवढंही पुरतं. आत्महत्येच्या बातमीत पद्धत लिहू नका, मथळ्यात तर अजिबात नको, याबाबत प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये सूचना दिल्यात त्या शोधून वाचा.

आता प्रूफ, म्हणजे छापायच्या आधी पानातल्या चुका तपासणं. हे काम कोणालाच नको असतं पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते यानेच. आपण युनिकोडमध्ये टाइप करतो, प्रेसचा फॉन्ट जुना, कन्व्हर्ट करताना जोडाक्षरं फुटतात, 'कुऱ्हाडे'चं भलतंच काहीतरी होतं, अवतरण चिन्हांच्या जागी कसलीतरी अक्षरं येतात. स्क्रीनवर हे डोळ्यांना दिसत नाही. कागदावर प्रिंट काढा, एकाने मूळ कॉपी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पेन घेऊन पानावर बघायचं. नावं, आकडे, तारखा आणि फोटोओळ शेवटी परत वेगळ्याने तपासा. एखाद्या मुलीला आयुष्यातलं पहिलं बक्षीस मिळालेलं असतं, तिची आई ते कात्रण जपून ठेवणार असते, त्यात आडनाव चुकलं तर पुढच्या अंकातल्या खुलाशाने ते कात्रण दुरुस्त होत नाही.

डेडलाइनचं थोडक्यात सांगते. तुमची कॉपी उशिरा आली की पान लावणारा थांबतो, तो थांबला की प्रूफला वेळ उरत नाही. जमणार नसेल तर सकाळीच सांगा, संध्याकाळी फोन बंद करून बसू नका.

आणि वर्ष संपताना ज्युनियरना वही देऊन जा, कोणत्या ऑफिसात कोण माहिती देतं, कुठला माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय, त्याच्या उत्तराचे तीस दिवस कधी भरतात, सगळं लिहून. फक्त नाव न छापण्याच्या अटीवर जे बोलले त्यांची नावं त्या वहीत नकोत. ती बातमी छापताना सरांना सांगितलेली असतील तेवढं पुरे, ज्युनियरने कितीही विचारलं तरी नाही.