शासन निर्णय शोधताना या चुका टाळा

निर्णय निघालेला असतो, महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर चढलेलाही असतो, तरी शोधखिडकीत काहीच येत नाही. अशा वेळी संकेतस्थळ बंद असल्याचा तर्क काढू नका. बहुतेकदा घोटाळा एखाद्या अक्षरात, तारखेत किंवा विभागाच्या निवडीत असतो.

बोलण्यातला शब्द टाकणे

शासन निर्णयांच्या संकेतस्थळावरची खिडकी शीर्षक तपासते, आतला मजकूर नाही. शीर्षक लिहितो मंत्रालयातला कक्ष अधिकारी, आणि त्याची भाषा ठरलेली असते. आपण 'पेन्शन' म्हणतो, तिथे 'निवृत्तिवेतन' असतं. 'पगार' तिथे 'वेतन' होतो. बाप गेल्यावर मुलाला नोकरी, याला 'अनुकंपा नियुक्ती' म्हणतात. सातबाऱ्यावर नाव चुकलं असेल तर 'नाव चुकले' शोधून काही मिळणार नाही. 'लेखनप्रमाद' (म्हणजे लिहिण्यातली चूक) किंवा 'कलम १५५' शोधा, कारण जमीन महसूल संहितेतली दुरुस्ती त्या कलमाखाली होते.

सरकारी शब्द माहीत नसेल तर त्याच विषयावरची वर्तमानपत्रातली बातमी किंवा कार्यालयातलं एखादं जुनं पत्र वाचा. पत्राच्या 'विषय' या ओळीत हवा तो शब्द हमखास असतो. आणि एका वेळी एक किंवा दोनच शब्द टाका. 'राज्यातील सर्व शासकीय कर्मचाऱ्यांना महागाई भत्ता वाढ' असं पूर्ण वाक्य टाकलं की त्यातला एकही शब्द शीर्षकात वेगळा असला तरी सगळा शोध फसू शकतो. 'महागाई' एवढंच पुरतं.

दिसायला सारखं, संगणकाला वेगळं

मराठीतला शोध सगळ्यात जास्त इथेच अडतो. 'शेतकऱ्यांना' आणि 'शेतकर्‍यांना' हे दोन शब्द डोळ्यांना एकच दिसतात. पहिल्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं आहे. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह आहे. संगणक अक्षर बघत नाही, त्याचा क्रमांक बघतो, त्यामुळे एका पद्धतीने टाइप केलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असं नाही. मोठी शोधयंत्रं बऱ्याचदा सांभाळून घेतात. सरकारी संकेतस्थळाची खिडकी किंवा पीडीएफमधला शोध तेवढा उदार नसतो.

'ॲ'चंही असंच आहे. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, २००८ साली आलं. त्याआधी 'अ'वर अर्धचंद्र देऊन ते लिहीत आणि आजही काही कळफलक तसंच उमटवतात. 'ॲप', 'ॲडव्हान्स' असे शब्द म्हणून दोनदा शोधावे लागतात.

विसर्ग हा तिसरा चोर. 'अंशतः अनुदानित' शाळांचे निर्णय शोधणाऱ्या शिक्षकांना याचा हमखास फटका बसतो. अनेक टंकलेखक विसर्गाच्या जागी कोलन देतात आणि 'अंशत:' लिहितात. 'स्वतः', 'पुनः' यांचंही तेच.

ऱ्हस्व-दीर्घ तर आहेच. 'निवृत्ती' एकटा असताना दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व, म्हणून 'निवृत्तिवेतन' हे शुद्ध. पण 'निवृत्तीवेतन' असं लिहिलेलं भरपूर आढळतं. 'शुद्धिपत्रक' आणि 'शुद्धीपत्रक' हीही तशीच जोडी. शोधताना शुद्धलेखनाचा आग्रह बाजूला ठेवा आणि दोन्ही रूपं टाकून बघा.

या सगळ्यावर एक सोपा उपाय आहे: शब्द वादाच्या अक्षरापाशी तोडा. 'शेतक' टाकलं की शेतकरी, शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांच्या असं सगळं येतं आणि 'ऱ'चा प्रश्नच उरत नाही. 'कर्मचा', 'अंशत', 'निवृत्त' हेही असेच चालतात. सामान्यरूपाचा गुंताही यानेच सुटतो. 'विहीर' शोधलं तर 'विहिरीसाठी' निसटतं, कारण दुसरं अक्षर ऱ्हस्व झालेलं असतं. 'विह' टाकलं की दोन्ही येतात. 'पाणी' आणि 'पाण्याच्या' यांच्यासाठी 'पाण'. मात्र जिथे पूर्ण शब्दच जुळवला जातो तिथे ही युक्ती लागू पडत नाही, तिथे एकेक रूप टाकावं लागतं.

व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून उचललेला शब्द थेट चिकटवू नका. त्याच्यासोबत न दिसणारी चिन्हं आणि शेवटची मोकळी जागाही येते. हाताने टाइप करा. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ्य' हवा असेल तर शिफ्ट दाबून 'र'ची कळ, मग हलन्त, मग 'य'.

अंकही तपासा. '७/१२' देवनागरीत आहे की रोमन अंकांत, की 'सातबारा' असा अक्षरी, हे लिहिणाऱ्यावर असतं. तिन्ही रूपं टाकून पाहा.

विभाग आणि तारीख

निर्णय ज्याच्यासाठी आहे त्याचा विभाग निवडणं ही नेहमीची चूक. निर्णय ज्या विभागाने काढला त्याच्या नावाखाली असतो. शिक्षकालाही लागू असला तरी राज्य कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वित्त विभागाकडे सापडेल. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी ग्राम विकास विभाग आणि सेवाविषयक सर्वसाधारण बाबींसाठी सामान्य प्रशासन विभाग बघा. खात्री नसेल तर विभाग मोकळा सोडा आणि तारखेची चौकट लहान करा.

तारखेबद्दल एक महत्त्वाची गोष्ट: मंत्रिमंडळ निर्णय आणि शासन निर्णय एक नव्हेत. बातमी येते मंत्रिमंडळाने मान्यता दिली त्या दिवशी. लेखी आदेश नंतर निघतो, कधी काही दिवसांनी तर कधी काही आठवड्यांनी. म्हणून बातमीची तारीख 'पासून' या रकान्यात टाका आणि 'पर्यंत' मध्ये पुढचे दोन-तीन महिने घ्या. अधिनियमातला बदल किंवा अधिसूचना हवी असेल तर राजपत्राकडे वळा.

पीडीएफच्या आत शोध लागत नाही

आधी एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ निवडताच येत नसेल तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे. रोमन अक्षरांचा कचरा आला तर मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला आहे. मराठीच आलं, पण वेलांट्या भलतीकडे सरकल्या आणि जोडाक्षरं तुटली, तर फाइल बनवतानाच अक्षरांची नोंद बिघडलेली आहे. तिन्ही वेळा उपाय एकच: फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात येतात. ओळख शंभर टक्के होत नाही, म्हणून शोध इथेही तुकड्यांनीच घ्या आणि रक्कम, दर, तारखा मूळ पानावरूनच वाचा.

निर्णय सापडला, पण जुना

पहिला निर्णय मिळाला की शोध थांबवणं सगळ्यात महागात पडतं. नंतर शुद्धिपत्रक निघालेलं असू शकतं, किंवा संपूर्ण निर्णयच 'अधिक्रमित' झालेला, म्हणजे त्याची जागा नव्या निर्णयाने घेतलेली असू शकते. निर्णयाच्या वरच्या भागात 'वाचा' किंवा 'संदर्भ' खाली आधीच्या निर्णयांची यादी असते, पण ती फक्त मागे नेते. पुढे जायचं तर त्या निर्णयाची तारीख आणि 'प्र.क्र.' (प्रकरण क्रमांक) पुढचा आकडा गूगलमध्ये अवतरणचिन्हांत टाका. नंतरच्या निर्णयाने त्याचा संदर्भ दिला असेल तर तो वर येतो. गूगलला फक्त सरकारी संकेतस्थळात शोधायला सांगायचं असेल तर रोमन लिपीत 'साइट' (site), त्याला लागून कोलन आणि लगेच संकेतस्थळाचा पत्ता लिहा. मध्ये जागा पडली की ही सूचना चालत नाही.

फिरत आलेला निर्णय खरा आहे का हे पाहायचं असेल तर शेवटच्या परिच्छेदातला संकेतांक घ्या. त्याचे सुरुवातीचे आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस, आणि ते निर्णयाच्या तारखेच्या आसपासचे असायला हवेत. मग पूर्ण संकेतांक संकेतस्थळावरच्या त्याच्या रकान्यात टाका, मध्ये जागा न सोडता. उघडलेली फाइल हातातल्या प्रतीशी ओळ न् ओळ जुळवा, विशेषतः दर आणि लागू होण्याची तारीख.