शाईचे ड्राफ्टिंग पेन वाळू नये म्हणून

टेक्निकल पेन, म्हणजे ठरावीक जाडीची रेष काढणारे शाईचे ड्राफ्टिंग पेन, वापरून खराब होण्यापेक्षा शाई भरून नुसते पडून राहिल्याने अधिक खराब होते, आणि ज्या भागात नवतपात (उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत) पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेथे तर शाई वाळायला दोन-चार दिवसही पुरतात. तालुक्याच्या आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा ट्रेड करणाऱ्यांनी आणि गावातच घराचे नकाशे काढून देणाऱ्यांनी म्हणूनच पेनची निगा आधी शिकावी.

पेनच्या टोकाला पोकळ नळी असते आणि तिच्यात एक अतिशय बारीक तार खालीवर सरकते. या तारेच्या मागे छोटे वजन असते. टोपण लावून, पेन आडवे धरून मागेपुढे हलवले की वजनाची टकटक ऐकू येते. ती ऐकू आली नाही, तर आत शाई वाळून तार अडकली आहे असे समजावे आणि टोक कागदावर दाबून रेष उमटवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण ०.१३ किंवा ०.१८ मिमीचे टोक एवढ्यानेही वाकते. सुरुवातीला ही बारीक टोके घेऊच नयेत, बाह्यरेषेसाठी ०.५ आणि मापरेषांसाठी ०.२५ एवढ्या दोन पेनांवर बरेच काम निभते.

रेष मारताना पेन कागदाला जवळजवळ काटकोनात धरावे, दाब देऊ नये आणि वेग एकसारखा ठेवावा. सेट स्क्वेअरची कड कागदाला चिकटलेली असेल तर शाई तिच्याखाली ओढली जाऊन डाग पडतो. उंच कडेचा सेट स्क्वेअर नसेल तर कडेपासून थोडे आत, खालच्या बाजूने चिकटपट्टीचे दोन-तीन थर द्यावेत. कूलरच्या झोतासमोर ट्रेसिंग पेपर लावू नये, कारण तो दमट हवेने फुगतो आणि त्याला लाटा येतात. घामेजलेल्या हाताचा तेलकटपणा जेथे लागतो तेथे शाई धरत नाही, म्हणून तळहाताखाली कोरा कागद ठेवावा.

धुण्याच्या पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी क्षारयुक्त असते, आणि ते बारीक नळीत वाळले तर शाईच्या जागी क्षार बसतो. तेथे बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड वॉटर वापरणेच योग्य; त्याची एक बाटली बरेच दिवस पुरते. शाईची टाकी रिकामी करून टोक त्याच्या चावीने सोडवावे आणि भांडी धुण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवावे. उकळते पाणी घेऊ नये, कारण त्याने प्लास्टिकचे भाग वाकडे होतात. सकाळी सुई काढलेल्या सिरिंजने टोकाच्या मागच्या बाजूने हळूहळू पाणी सोडावे आणि पुढून स्वच्छ पाणी येईपर्यंत ते करत राहावे. बारीक टोकाची तार उपसून काढण्याचा मोह टाळावा. एकदा वाकलेली तार पुन्हा नळीत जात नाही. सर्व भाग पूर्ण वाळल्यावरच शाई भरावी, नाहीतर पहिल्या रेषा फिकट येतात.

शाई टेक्निकल पेनसाठी बनवलेलीच घ्यावी. लाखयुक्त ड्रॉइंग इंक टाकीत घातल्यास ती नळीत घट्ट बसते आणि मग टोक वाचवणे कठीण जाते. ती शाई रूलिंग पेनमध्ये (दोन पात्यांच्या फटीत शाई धरणाऱ्या पेनमध्ये) मात्र उत्तम चालते, आणि जुने रूलिंग पेन घरात असेल तर ते जरूर वापरावे: ड्रॉपरने दोन पात्यांच्या मधोमध सुमारे ५ मिमी उंचीपर्यंत शाई घालावी, पात्यांची बाहेरची बाजू कोरडी पुसावी आणि काम संपताच धुऊन पात्यांचा स्क्रू सैल करून ठेवावा.

रोजच्या कामात टेक्निकल पेन टोपण घट्ट लावून, टोक वर करून उभे ठेवावे. एरवी पंधरवड्याहून आणि नवतपात दोन-चार दिवसांहून अधिक काळ काम नसेल तर ते रिकामे करून, धुऊनच कपाटात ठेवावे.