बेघर पोराला काम द्यायचं? आधी खोली बघा

थंडी पडली की स्टेशनबाहेर ब्लँकेट वाटून फोटो काढणारे जळगाव-भुसावळला पायलीला पन्नास मिळतात. ज्याची डाळमिल आहे, चटईचा कारखाना आहे, त्यानं ब्लँकेट कशाला वाटावं? काम द्यावं.

वय आधी बघा. अठराच्या आतला असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा, पुढचं बाल कल्याण समिती बघते. 'पोटापुरतं काम देतो' ही दया इथे दाखवू नका. अठरा पूर्ण झालेली पोरं हवी असतील तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा. बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी २०१५च्या बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरही आधार देण्याची, सोय आहे. तुमच्याकडे किती जागा आहेत ते तिथे सांगून ठेवा.

आधार आणि बँक खात्यासाठी सोबत एक माणूस द्या. मूळ कागद मात्र पोराकडेच राहू द्या.

आता खोली. माझं घोडं इथेच अडलं होतं. जळगावच्या सुप्रीम कॉलनीत खोली रिकामी असते, पण घरमालक विचारतो, "भाऊ, पोराचं गाव कोणतं? बाप काय करतो?" उत्तर नाही म्हटल्यावर खोली 'कालच गेली' होते. तिथे समजावत बसू नका. अकरा महिन्यांचा करार फर्मच्या नावावर करा, राहणाऱ्यांची नावं त्यात घाला, डिपॉझिट तुम्ही भरा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. मालकाला तुमचा शिक्का दिसला की बाप आठवत नाही.

'गोडाऊनमध्येच झोपू द्या, राखणही होईल' असं सांगणारे भेटतील. अजिबात ऐकू नका. सुपरवायझरशी वाजलं की त्या पोराची नोकरी आणि छप्पर एकाच दिवशी जातं. म्हणून मी तोंडी नाही, लिहून देतो: काम सुटलं तरी तीन महिने खोली त्याची. यात पैसे बुडतात, बुडू द्या.

आणि पत्र्याची खोली स्वस्त म्हणून घेऊ नका. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेल्यावर रात्रपाळी करून आलेला पोरगा त्या पत्र्याखाली दिवसा झोपणार कसा? चार दिवसांत तो फलाटावर परत जातो आणि आपण म्हणतो, 'यांना कष्ट नकोत.' स्लॅबची खोली घ्या, जुना का होईना, कूलर लावा.

पहिले दोन महिने पगार आठवड्याला द्या. खानावळीचे पैसे आगाऊ भरा.

सीएसआरचं, म्हणजे कंपनीनं समाजकामावर करायच्या खर्चाचं, विचाराल तर नफ्याच्या २ टक्क्यांची सक्ती ५ कोटी नफा, १००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मालमत्ता यांपैकी एक गाठणाऱ्या कंपन्यांनाच आहे. आपल्या एमआयडीसीतले बहुतेक त्यात बसत नाहीत. जे बसतात त्यांनाही निव्वळ स्वतःच्याच कामगारांसाठी केलेला खर्च त्यात दाखवता येत नाही. अनुरक्षण गृहाला दिलेला पैसा चालतो. सीएला आधीच विचारून घ्या.

पोरगा एक दिवस आला नाही तर फोन करा. दुसऱ्या दिवशीही नाही आला, तर हजेरीवर लाल रेघ मारण्याआधी कुणाला तरी खोलीवर पाठवा. बहुतेक वेळा ताप असतो.