एकट्यासाठी बांधलेल्या बुलेटचे वजन आणि सस्पेन्शन कसे जुळवावे

१९४९ साली इंग्लंडमधील रेडिच येथे तयार झालेल्या बुलेट ३५०ला मागे स्विंगआर्म (मागचे चाक धरून वर-खाली हलणारा दांडा) आणि दोन शॉकॲब्सॉर्बर होते, आणि पुढे मद्रासमध्ये बनू लागलेल्या गाड्यांतही हीच मांडणी राहिली. या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा दोन माणसे आणि सामान यांच्या हिशेबाने दिलेल्या असतात. आपण मागची सीट, पत्र्याचे मडगार्ड, कॅरिअर आणि टूलबॉक्स काढून तिची कॅफे रेसर, म्हणजे एकट्याने चालवायची हलकी, रेसिंगच्या ढंगाची गाडी, बनवतो तेव्हा भार उतरतो, पण स्प्रिंगा जुन्याच राहतात. अशी गाडी खड्ड्यावरून गेली की मागून उसळते. म्हणून काहीही कापण्यापूर्वी गाडीचे वजन करावे, असा माझा आग्रह आहे.

त्यासाठी धान्याच्या दुकानात असतो तसा प्लॅटफॉर्म काटा पुरतो. एक चाक काट्यावर आणि दुसरे तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवावे, गाडी स्टँडवर न लावता कोणीतरी नुसती तोलून धरावी, आणि दोन्ही चाकांचे आकडे स्वतंत्रपणे लिहून घ्यावेत. त्यांची बेरीज म्हणजे एकूण वजन. नंतर हेल्मेट-बूट घालून, नेहमीच्या बैठकीत बसून हेच पुन्हा करावे. टाकीतले १३ लिटर पेट्रोल जवळजवळ १० किलो भरते, त्यामुळे प्रत्येक वेळी टाकीची पातळी सारखी असावी.

आता सॅग, म्हणजे भाराने सस्पेन्शन किती खाली बसते ते, मोजावे. मागचे चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे, मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, आणि शेवटी आपण बसल्यावर. पहिल्या मापातून तिसरे वजा केले की स्वारासह सॅग मिळतो. तो एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक वर-खाली जाऊ शकते त्या पूर्ण अंतराच्या, साधारण एक तृतीयांश असावा.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, मागच्या चाकावर गाडीचे ८५ आणि स्वाराचे ५० किलो येतात. चाक, टायर, ब्रेकचा ड्रम, स्प्रॉकेट असे स्प्रिंगच्या खाली राहणारे वजन २५ किलो धरून ते वजा केले, की ११० किलो उरतात, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगवर ५५. शॉकॲब्सॉर्बर बहुतांशी उभे आहेत असे धरले, तर मिलिमीटरला १.५ किलो घेणारी स्प्रिंग सुमारे ३७ मिलिमीटर दबेल. प्रीलोडने (भार येण्याआधीच स्प्रिंगला दिलेल्या दाबाने) ती आधीच १० मिलिमीटर दाबलेली असेल तर सॅग २७ राहील, आणि ८० मिलिमीटर ट्रॅव्हलला तो योग्य आहे. स्वार उतरल्यावर तो १० पर्यंत येईल.

प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज गॅरेजमध्ये फार पक्का आहे, पण तो चुकीचा आहे. प्रीलोडने गाडीची बसण्याची उंची तेवढी बदलते. स्वारासह सॅग योग्य असूनही रिकामी गाडी जवळजवळ दबतच नसेल, तर स्प्रिंग नरम आहे आणि प्रीलोडने ओढूनताणून उचलली आहे. याउलट रिकामी गाडीच बरीच खाली बसत असेल, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. दोन्ही वेळा स्प्रिंगच बदलावी.

रूपासाठी लांब शॉकॲब्सॉर्बर बसवण्याचा मोह आवरावा. बुलेटच्या साधारण १३७० मिलिमीटर व्हीलबेसवर (दोन चाकांच्या ॲक्सलमधल्या अंतरावर) मागची बाजू २४ मिलिमीटर उचलली, तर फोर्कचा (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा) कोन सुमारे १ अंशाने उभा होतो आणि या गाडीची सरळ रेषेतली शांत चाल बिघडू लागते. बुटके बसवले तर टायर मडगार्डला किंवा फ्रेमला घासतो.

पुढच्या फोर्कसाठी नळीवर घट्ट दोरा बांधून सॅग मोजावा. बाहेरून प्रीलोड फिरवण्याची सोय नसल्यास स्प्रिंगवर स्पेसर टाकावा लागतो. त्या वेळी पुढचे चाक उचलून, फोर्कवरचा भार काढूनच टोपण उघडावे, नाहीतर स्प्रिंग अंगावर उसळते. सॅग जमल्यावरच फोर्कमधल्या तेलाकडे वळावे. जाड तेलाने उसळी मंदावते, भार पेलण्याची ताकद वाढत नाही. एका वेळी एकच बदल करावा, टायरची हवा कायम ठेवावी, आणि रोजच्या ओळखीच्या, दोन-तीन खड्डे ठाऊक असलेल्या रस्त्यावरच प्रत्येक बदल चालवून पाहावा.