होकार कळवल्यावर पोटात गोळा आला तर

अमेरिकेतल्या पीएचडीची ऑफर स्वीकारली की घरी पेढे येतात, मामा-मावश्यांना फोन जातात, आणि नेमकी त्याच सुमारास आपली झोप उडते. मी एप्रिलच्या सुरुवातीला एका विद्यापीठाला होकार कळवला. दोन दिवसांतच जास्त नावाजलेल्या दुसऱ्या विद्यापीठाचं बोलावणं आलं. आई म्हणाली, "शब्द दिलायस ना, मग झालं." मला ते तेवढं सोपं वाटेना.

अशा वेळी १५ एप्रिल ही तारीख नीट समजून घ्या. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेचा या तारखेबद्दल एक ठराव आहे. तो मान्य केलेली विद्यापीठं फेलोशिप (शिष्यवृत्ती) किंवा असिस्टंटशिपच्या (शिकवण्याच्या वा संशोधनाच्या कामाबदल्यात मिळणाऱ्या पैशांच्या) ऑफरला त्याआधी उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. तोवर दिलेला होकार १५ एप्रिलपर्यंत लेखी कळवून मागेही घेता येतो. स्वतःच्या खर्चाने एमएसला जाणाऱ्यांना हा ठराव लागू नाही. तिथे जागा राखण्यासाठी भरायच्या डिपॉझिटचे नियम त्या-त्या विद्यापीठाचे असतात आणि ते बहुधा परत मिळत नाही.

मग शंका कसली आहे ते शोधा. घर सुटण्याची भीती कुठल्याही विद्यापीठाला जाताना वाटणारच, तिच्यापायी ऑफर बदलू नका. माझी खरी शंका पैशांची होती. पत्रात स्टायपेंडचा आकडा होता, पण तो नऊ महिन्यांचा की बारा, हे लिहिलेलं नव्हतं. उन्हाळ्यात पगार थांबला तर घरभाडं कशातून भरायचं? ट्यूशन माफ असली तरी वेगळी फी आणि आरोग्य विमा अनेकदा आपल्याच खिशातून जातो. हे सगळं मी विभागाच्या कोऑर्डिनेटरला ई-मेल करून विचारलं. उन्हाळ्याचे पैसे गाईडच्या ग्रँटमधून मिळतात, असं स्पष्ट उत्तर आलं.

दुसरी चौकशी गाईडची. "सर कसे आहेत?" असं विचारलंत तर "छान आहेत" एवढंच ऐकायला मिळेल. मी त्यांच्या लॅबमधल्या सीनियरला विचारलं, की मसुदा दिल्यावर तो किती दिवसांत वाचून मिळतो आणि मधेच सोडून गेलेले विद्यार्थी कुठे आहेत. ती म्हणाली, आठवड्याभरात शेरे मारून परत येतो. सोडून गेलेल्या एकाचा नंबरही तिने आपणहून दिला. दुसऱ्या विद्यापीठात याच प्रश्नांना गुळमुळीत उत्तरं मिळाली. मी पहिल्याच ठिकाणी राहिले. पीएचडीत पाच-सहा वर्षं गाठ गाईडशी असते, त्यामुळे विद्यापीठाच्या नावापेक्षा मी त्याला जास्त वजन देते.

दोन्हीकडे होकार देऊन ठेवणं मला अजिबात पटत नाही. आपण अडवलेल्या जागेसाठी वेटलिस्टवरचं कुणीतरी रोज मेल उघडून बघत असतं.

माघार घ्यायचीच असेल तर चार ओळी पुरतात: आभार, निर्णय, दिलगिरी. कारण द्यायलाच हवं असं नाही. होणाऱ्या गाईडला मात्र वेगळं लिहा, आणि पोर्टलवरही नकार नोंदवा. आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म, आली असेल तर ती रद्द करायला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कळवा. सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची) ३५० डॉलर फी भरून झाली असेल आणि व्हिसा अजून व्हायचा असेल, तर ती नव्या आय-ट्वेंटीवर वळवून घेता येते. मुलाखतीला जाण्याआधी हे काम उरका.